पात्र रिकामं करताना

प्रयोग संपल्यावर टोप उतरवायला मला सात-आठ मिनिटं लागतात. तो डोक्यावर घट्ट बसावा म्हणून आमचे रंगभूषाकार 26 पिना लावतात, आणि त्या सगळ्या मी स्वतः काढते. एकेक करून, मोजत. प्रत्येक पीन पत्र्याच्या एका जुन्या डबीत टाकते. पूर्वी मी त्या ओरबाडून काढायचे. पडदा पडला की पाच मिनिटांत तोंडावर पाणी मारायचं, कानामागचा रंग तसाच ठेवायचा आणि गाडीत जाऊन बसायचं. घरी पोचल्यावर पहाटे तीनपर्यंत छताकडे बघत पडून राहायचे. झोप न येणं हा या कामाचाच भाग आहे, चांगल्या नटाला एवढं भोगावंच लागतं, असं मी मनाशी धरून चालले होते. कुणी सांगितलं होतं असं नाही, पण आमच्या बोलण्यात, कौतुकात ते मुरलेलं असतं आणि आपण ते नकळत उचलतो.

आता सव्विसावी पीन डबीत पडली की मी आरशात बघते आणि स्वतःचं नाव मनात घेते. एवढी साधी गोष्ट शिकायला मला पंधरा वर्षं लागली. त्याआधी काय काय झालं, ते सांगते.

एका नाटकात मी मुलीचं काम करत होते. दुसऱ्या अंकात तिला फोन येतो, वडील गेल्याचा. पलीकडचं बोलणं प्रेक्षकांना ऐकू येत नाही, त्यांना दिसतो तो फक्त माझा चेहरा. मी रिसीव्हर खाली ठेवते, खुर्चीची पाठ धरते आणि मग कोसळते. संहितेत त्या जागी दोनच शब्द होते : ती रडते.

तालमीत ते रडणं येईना. यायचं ते घशातून काढलेलं, खोटं, आणि मलाच त्याची लाज वाटायची. दिग्दर्शक अनुभवी होते, माझ्यावर त्यांचा जीवही होता. एका संध्याकाळी त्यांनी तालीम थांबवली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तुझे स्वतःचे वडील आठव ना." माझ्या वडिलांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

मी आठवले. आठवला तो त्यांचा चष्मा. ते गेल्यावर त्यांच्या वस्तू एका पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या होत्या. सगळ्यात वर चष्मा होता आणि त्याच्या डाव्या काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. तो पुसायचा की ठेवायचा हे न कळून मी चष्मा तसाच धरून त्या लांब पॅसेजमध्ये कितीतरी वेळ उभी होते. तालमीत फोन खाली ठेवला, तो ठसा डोळ्यांसमोर आणला, आणि जे काही आलं त्याने सगळी खोली गप्प झाली. दिवे सांभाळणारा मुलगा ब्लॅकआउट द्यायचा विसरला. दिग्दर्शकांनी मला जवळ घेतलं. आज मी खऱ्या अर्थाने नटी झाले, असं वाटून मी त्या रात्री घरी गेले.

पुढचे दहा-बारा प्रयोग नुसता चष्मा पुरला. विसाव्याच्या आसपास तेवढ्याने भागेना. मग मी त्यात पॅसेजमधला फिनाइलचा वास घातला. मग पिशवी देणाऱ्या नर्सचा आवाज. मग आदल्या रात्री वडिलांनी विचारलेला एक प्रश्न, ज्याचं उत्तर मी टाळलं होतं. दर प्रयोगाला आणखी थोडं खोल खणत होते. मुलाखतीत कुणी विचारलं की इतकं खरं कसं रडता, तर मी चष्म्याची गोष्ट सांगायचे. ती सांगायचीही हळूहळू एक रीत बसून गेली. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं ठरलेलं.

साठावा प्रयोग झाला असेल. आई कपाट आवरत होती. तिने तोच चष्मा काढून माझ्या हातात दिला. "पुसलाय गं मी, केव्हाच," ती म्हणाली. मी त्या स्वच्छ काचांकडे बघत होते आणि आई माझ्याकडे. मी काहीतरी बोलेन याची वाट बघत. माझ्या आत काहीच हललं नाही. कानात फक्त फोनची घंटी आली, दुसऱ्या अंकातली. माझा क्यू. आईसमोर चष्मा धरून मी फोन वाजायची वाट बघत उभी होते.

माझे वडील मी वापरून संपवले होते. त्या दिवशी जे वाटलं त्याला दुःखही म्हणता येणार नाही, कारण दुःख करायला लागणारी वस्तूच हातात उरली नव्हती.

दिग्दर्शकांनी मला जे सांगितलं ते काही त्यांच्या पदरचं नव्हतं. त्याला मोठी परंपरा आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओद्युल रिबो यांच्याकडून रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी भावस्मृतीची कल्पना घेतली आणि नटांच्या शिक्षणात आणली. आपल्या आयुष्यात घडून गेलेलं पुन्हा जागं करायचं आणि त्या भावनेच्या बळावर भूमिका उभी करायची. जगभरच्या तालीमखोल्यांत हे पोचलं. त्याच स्तानिस्लावस्कींचं पुढचं म्हणणं मात्र तितकंसं पोचलं नाही. उतारवयात त्यांचा भर शारीर क्रियांवर आला होता : भावनेच्या मागे धावू नका, या परिस्थितीत हा माणूस काय करेल ते करा, भावना मागून येईल. 1934 साली स्टेला अ‍ॅडलर ही अमेरिकन नटी पॅरिसमध्ये त्यांना भेटली, काही आठवडे त्यांच्याबरोबर काम केलं आणि परत जाऊन तिने आपल्या मंडळींना सांगितलं की खाजगी आठवणींपेक्षा कल्पनाशक्तीवर आणि नाटकाने दिलेल्या परिस्थितीवर विसंबा. त्यावरून तिथे मोठे वाद झाले. या गोष्टीला 90हून जास्त वर्षं झाली. मला ती कळली तोवर साठ प्रयोग होऊन गेले होते.

मी नव्याने सुरुवात केली. या मुलीच्या हातात काय आहे? खुर्चीची पाठ. आमच्या त्या खुर्चीच्या पाठीचा एक स्क्रू कायम सैल असायचा. रिसीव्हर ठेवल्यावर तिचा अंगठा त्या स्क्रूवर जातो आणि ती तो आत दाबत राहते, बसत नाही, पुन्हा दाबते. एवढंच करायचं ठरवलं. पहिल्या प्रयोगाला वाटलं, आज सगळं कोरडं गेलं. विंगेत आले तर सहनटीचे डोळे भरलेले. तेव्हापासून काही प्रयोगांत माझ्या डोळ्यांत पाणी येतं, काहींत येत नाही. पहिल्या रांगेतल्या लोकांच्या डोळ्यांत मात्र दोन्ही वेळा येतं.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द मला फार आधार देतो. नाटकातल्या माणसाला आपण पात्र म्हणतो आणि भांड्यालाही पात्र. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्त या आचार्याने भरताच्या नाट्यशास्त्रावर अभिनवभारती ही टीका लिहिली, त्यात त्याने हे नातं उलगडलं आहे. रसाचा आस्वाद प्रेक्षक घेतो, नट नाही. मद्याची चव मद्याच्या भांड्याला कुठे असते? म्हणून तर नटाला पात्र म्हणायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मी रडलेच पाहिजे, असा कुठलाही करार माझ्यात आणि प्रेक्षकांत झालेला नाही. मला त्यांच्यापर्यंत पोचवायचं आहे.

तरी एका बाबतीत माझं अनुभवाने वेगळं मत झालं आहे. भांड्याला चव कळत नसेल, पण वास लागतो. रोज तेच ओतलं आणि रोज घासून पालथं घातलं नाही, तर भांडं किटतं. 1983 साली मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात 12 व्यावसायिक नट आणि चेहऱ्याचा अभ्यास करणारे 4 शास्त्रज्ञ होते. त्यांना कधी जुना प्रसंग मनात जगायला सांगितला, तर कधी भावनेचं नावही न घेता चेहऱ्याचा अमुक स्नायू ताणा, तमुक भुवई खाली घ्या, एवढंच सांगितलं. तेवढ्यानेही हृदयाचे ठोके आणि त्वचेचं तापमान बदललं. राग आणि भीती यांनी ठोके वाढले. म्हणजे मी माझे वडील आणले काय किंवा नुसता स्क्रू दाबला काय, शरीर त्यात ओढलं जातंच. संहिता शरीराला वाचता येत नाही. दुसऱ्या अंकात कोणीतरी गेलं, एवढंच त्याला कळतं, आणि आठवड्यातून चार प्रयोग असतील तर आठवड्यातून चारदा.

मग त्याला सांगायला नको का, की झालं, संपलं, आता घरी जाऊ?

सुसाना ब्लॉक या चिलीच्या शास्त्रज्ञ. भावना, श्वास आणि शरीराची ठेवण यांचा नटांसाठी त्यांनी 1970 च्या दशकापासून अभ्यास केला. त्यांच्या पद्धतीत भावनेत शिरायला जशा ठरलेल्या पायऱ्या आहेत तशाच बाहेर पडायलाही आहेत : सावकाश खोल श्वासाची काही आवर्तनं, चेहरा पूर्ण सैल सोडणं, उभं राहायची ढब बदलणं. हे शिकवल्याशिवाय आत शिरायचं शिकवतच नाहीत. मी वाचलं तेव्हा मला आमच्याच कंपनीतल्या एक ज्येष्ठ बाई आठवल्या. सत्तरीच्या होत्या. प्रयोग संपला की त्या मेकअप रूममध्ये सगळ्यात शेवटपर्यंत बसायच्या. तेलाने रंग पुसायच्या, कपाळापासून खाली, मग मान, मग हाताचे पंजे. एकदा माझी धावपळ बघून म्हणाल्या, "अगं, घरी कोण चाललंय? तू का ती?" मला तेव्हा घाई होती. आज त्यांच्यासमोर बसून हे शिकावंसं वाटतं, पण त्या नाहीत. माझ्या पिना मोजणं त्यांच्या त्या प्रश्नातून आलेलं आहे.

नाट्यशास्त्रात नाटकाआधीच्या पूर्वरंगाला एक सबंध अध्याय दिला आहे. वाद्यं मांडण्यापासून नाटकाची ओळख करून देणाऱ्या प्ररोचनेपर्यंत 19 अंगं, त्यातली कितीतरी पडद्याआड करायची. आत शिरायला एवढी तयारी हवी, हे त्या लोकांना माहीत होतं. आपणही तालीम महिनाभर करतो, आवाज तापवतो, अंग मोकळं करतो, रंग लावायला तास-दीड तास देतो. उतरायला मात्र पाच मिनिटं.

हे झालं आतलं. बाहेरच्यांना नाही म्हणणं मला याहून जड गेलं.

दुसऱ्या एका नाटकात नवरा बायकोचा गळा धरतो असा प्रसंग होता. माझा सहनट अत्यंत सज्जन आणि सावध माणूस. त्याच्या हाताला जोर अजिबात नसायचा, पण अंगठा रोज माझ्या गळ्याच्या खळगीवर यायचा. लहानपणी मी पाण्यात बुडता बुडता वाचले आहे. गळ्याशी काही आलं की माझं अंग आपोआप आक्रसतं. हे मी कुणाला सांगितलं नाही आणि अकरा प्रयोग गप्प बसले. एवढंही सहन होत नसेल तर कसली नटी, असंच वाटायचं. त्या अकरा प्रयोगांत त्या प्रसंगाच्या आधीची चार मिनिटं मी नाटकात नसायचे. ओळी बोलायचे, पण सगळं लक्ष त्या अंगठ्यावर.

बाराव्या प्रयोगाआधी धीर केला. "ऐक ना, गळ्यावर हात नको. खांद्यावर, इथे, हाडाच्या बाहेर चालेल." मी पुढे कारण सांगायला लागले तर तो म्हणाला, "कारण नको सांगूस. कुठे ठेवू ते दाखव." मी त्याचा हात धरून जागा दाखवली. मग आम्ही आकडे ठरवले. दोनला त्याने धरायचं, चारला मी मान मागे टाकायची, सहाला सोडायचं. त्या दिवशी प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकांनी विचारलं, आज हा प्रसंग एवढा अंगावर कसा आला? त्यांना बदल दिसला होता, हात हललेला दिसला नव्हता. मला माहीत होतं काय झालं ते. अकरा प्रयोग मी मान आखडून बसले होते आणि बाराव्याला ती मागे टाकायला मोकळी होते.

सीमा आखली की कला आटते, ही भीती आमच्या क्षेत्रात इतकी खोल आहे की तिच्याविषयी कुणी उघड बोलतही नाही. मला आलेला अनुभव नेमका उलटा आहे. आणि तो माझ्या एकटीचा नाही. पडद्यावरच्या जवळिकीच्या प्रसंगांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर नेमायची पद्धत एचबीओ या अमेरिकन वाहिनीने 2018 मध्ये सुरू केली, अमेरिकेतल्या नटांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेने 2020 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तिथेही मुळात हेच करतात : कुठे हात चालेल, कुठे नको, हे आधी बोलून घ्यायचं आणि मग हालचाल नाचासारखी बसवायची. तलवारबाजीचा प्रसंग कोणी 'मनापासून' करत नाही, आकडे मोजून करतात. मग गळा धरतानाच मनाची अट का? भूमिका करणं आणि भूमिका घेणं, मराठीत दोन्हीला शब्द एकच. मी वर्षानुवर्षं पहिलं केलं आणि दुसरं करायला कचरत राहिले.

आमच्याकडे त्यागाच्या गोष्टी फार सांगितल्या जातात. 1911 साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरी ते उभे राहिले, गायले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि आजही ऐकताना माझा हात आपोआप जोडला जातो. त्या दिवशी त्यांना काय वाटलं असेल, रंगमंच त्यांना आसरा वाटला की शिक्षा, हे ठरवणारे आपण कोण? पण या गोष्टीचा आपण मापदंड करून ठेवला आहे. तापाने फणफणलेल्या नवख्या मुलीला विंगेत उभं राहून कुणीतरी हीच गोष्ट ऐकवतो, तेव्हा मला ते सहन होत नाही. एका माणसाने आपल्या दुःखात स्वतः घेतलेला निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

त्यापेक्षा मला दुसऱ्या दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए पन्नाशीच्या अखेरीस, कीर्तीच्या शिखरावर असताना, रंगमंचाच्या भीतीने ग्रासले गेले. 'ऑथेल्लो' करताना त्यांनी सहनटाला विनंती केली होती की माझी स्वगतं चालू असताना तू विंगेत मला दिसेल असा उभा राहा. एवढ्या मोठ्या नटाने हे मागितलं. मागितलं म्हणून तर ते उभे राहू शकले. आणि पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी 1964 साली, वयाच्या 31व्या वर्षी जाहीर मैफली थांबवल्या त्या कायमच्या. त्यानंतर 1982 मध्ये जाईपर्यंत त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काम केलं, भरपूर केलं. गर्दीसमोरचा तो ताण त्यांनी आयुष्यातून काढून टाकला, संगीत ठेवलं. सगळ्यांना असं जमणार नाही. आपल्यातल्या बहुतेकांचं पोट प्रयोगावर असतं. पण काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कलाकार ठरवू शकतो, एवढं तरी त्यांनी दाखवलं.

पडदा पडल्यावर आणखी एक अंक असतो आणि त्याची तालीम कधीच होत नाही. लोक भेटायला येतात. त्या फोनच्या नाटकानंतर एकदा एक बाई आल्या. माझे दोन्ही हात धरले आणि त्यांचा मुलगा कसा गेला ते सांगू लागल्या. माझ्या डोक्यावर टोप, अंगात घामाने भिजलेली साडी. मी पाऊण तास उभी होते. हात सोडवून घेणं मला क्रूर वाटत होतं. त्या रात्री मला थंडी भरून आली, आणि पुढचे कित्येक प्रयोग मी मागच्या दाराने निघून गेले, कुणालाच न भेटता. पाऊण तास देऊन मी पुढच्या पन्नास माणसांना पाच मिनिटंही देऊ शकले नाही.

आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 1983 मध्येच भावनिक श्रम ही कल्पना मांडली. समोरच्याला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या भावना कामाला लावणं, हेही श्रमच, आणि त्याचा थकवा खरा असतो. विशेष म्हणजे त्यातला मनापासून हसू आणण्याचा जो प्रकार आहे, तो समजावताना त्यांनी स्तानिस्लावस्कींचाच आधार घेतला. आम्हा कलाकारांना हे दुप्पट लागू आहे. रंगमंचावर एकदा आणि दाराशी पुन्हा एकदा.

आता मी आधी टोप उतरवते, कपडे बदलते, मगच दार उघडते. भेटणाऱ्याला दिसते ती मी, ती मुलगी नाही, आणि याने खूप फरक पडतो. कुणी स्वतःचं दुःख सांगायला लागलं तर मी मान खाली घालून पूर्ण ऐकते, पण थोडा वेळ. मग म्हणते, "तुम्ही हे मला सांगितलंत, मी लक्षात ठेवीन. आज मला आता निघायला हवं. घरी तुमच्याबरोबर कोण आहे?" हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. कारण त्यांना रात्री लागणार आहे ते माणूस घरात किंवा त्या विषयातलं जाणकार असायला हवं. मी ते होऊ शकत नाही. रात्री दहानंतर मी अनोळखी निरोप वाचत नाही आणि नाटक चालू असेपर्यंत त्यावरची परीक्षणंही नाही. ज्यांच्या मताची मला गरज आहे अशी तीन माणसं आहेत आणि ती मला तोंडावर सांगतात.

मलाही एका टप्प्यावर समुपदेशकाकडे जावं लागलं. चष्म्याच्या त्या दिवसानंतर पाच-सहा आठवडे झोप नव्हती, चव नव्हती, आणि आवडतं माणूस समोर आलं तरी काही वाटत नव्हतं. तिथवर गेलं की पिना मोजून भागत नाही. तेव्हा डॉक्टर लागतात, आणि वेळेत लागतात. एखाद्याला जगणंच नको वाटत असेल तर पुढच्या प्रयोगाचाही विचार करायचा नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

हे सगळं मी आज लिहू शकते, कारण माझं नाव झालं आहे. खरी अडचण इथेच आहे आणि मला त्याची टोचणी आहे. ज्याला ना पगार ना रजा, ज्याचं पुढचं काम याच दिग्दर्शकाच्या फोनवर अवलंबून आहे, त्याला आपली सीमा आखायला सांगणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. 'अवघड आहे ती' एवढा एक शेरा पसरला की वर्षभर फोन वाजत नाही. नवख्यांना सांगण्यापेक्षा आधी आम्ही, ज्यांना नाही म्हणणं परवडतं, त्यांनी बदलायला हवं. म्हणून नवं नाटक बसायला घेतलं की पहिल्या वाचनाच्या दिवशी मीच सगळ्यांसमोर सांगते : माझ्या गळ्याला हात चालत नाही, आणि रडायच्या जागी मला घरच्या कुणाची आठवण काढायला सांगायचं नाही. मी बोलले की बाकीच्यांना बोलता येतं. गेल्या वेळी सगळ्यात लहान मुलगी तालीम संपल्यावर माझ्या मागे जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, मला तो थप्पडेचा सीन..." वाक्य तिने पुरं केलं नाही. मी तिला कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी बसून आकडे बांधले.

फोनचं ते नाटक बंद होऊन आता चार वर्षं झाली. मध्यंतरी एका दुपारी, तालीम नव्हती, काहीच नव्हतं, मी जिना चढत होते आणि वडिलांची एक आठवण आली. चष्म्याची नाही. पॅसेजमधली नाही. मी जिला कधी हात लावला नव्हता अशी, फार जुनी. मी पायरीवर बसले आणि रडले. रडताना श्वास कसा चालतो, हात कुठे जातात, इकडे लक्ष ठेवायची मला वीस वर्षांची सवय आहे. त्या दिवशी लक्ष गेलं नाही. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी खाली आलं, मला बघून क्षणभर थांबलं आणि भिंतीच्या बाजूने निघून गेलं.

घरात येऊन आईला फोन लावला आणि ती गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही.

ती आठवण कसली होती, ते मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. ती आईकडे आणि माझ्याकडे आहे.